लावणीची तालीम आणि शरीराची मशागत

लावणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर नऊवारी, नथ आणि ढोलकी येते. गुडघा येत नाही. मलाही मागच्या वर्षापर्यंत आला नव्हता. युवा महोत्सवाच्या लोकनृत्यासाठी नाव दिले तेव्हा माझी समजूत अशी की, ठेका कानाला कळला की तो पायाला आपोआप कळतो. ही समजूत किती भाबडी होती ते सांगावे, आणि त्या निमित्ताने हा नाच शरीराकडून नेमके काय मागतो याची थोडी मांडणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आम्हाला शिकवायला आलेल्या बाईंची वीस-बावीस वर्षे संगीतबारीत गेली. (नाव छापू नये, असे त्यांनी बजावले आहे.) पहिल्या दिवशी त्यांनी एकही पदन्यास दाखविला नाही. आम्हा ११ जणींना टाचा जमिनीला टेकवून उकिडवे बसायला सांगितले. चौघींना जमले. मी मागे कलंडले. लावणीत पाय किंचित गुडघ्यात मोडलेला ठेवून तळवा सपाट आपटायचा असतो. घोटा नीट दुमडत नसेल तर टाच उचलली जाते, तोल पुढे जातो आणि मांडीने उचलायचा भार गुडघ्यावर पडतो. बारा-तेरा वर्षे बाकावर बसून आमच्या पोटऱ्या आखडून गेल्या होत्या.

घरी हे सांगितले तेव्हा आई आधी भडकली. “कालिजात नाचाय धाडलंय व्हय तुला?” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा तिचा राग मी समजू शकते. पण पुढच्या रविवारी उसात भांगलायला गेलो, तेव्हा मी तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहत होते. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत ती उकिडवी सरकत होती. टाचा मातीला चिकटलेल्या, पाठ सैल. जे मला महिनाभर मेहनत करून मिळवायचे होते, ते तिच्याकडे आयतेच होते. अर्थात संध्याकाळी तिचीच कंबर दुखत होती, हेही लिहिले पाहिजे.

आता चाळांविषयी. वाण्याच्या काट्यावर माझे दोन्ही पायांचे चाळ मिळून पावणेतीन किलो भरले. हातातल्या पिशवीत हे वजन काहीच नाही. परंतु ते पायाच्या टोकाला बांधले की प्रत्येक पाऊल उचलताना मांडीला आणि कमरेला त्याची किंमत द्यावी लागते. मला घाई होती. बाई नको म्हणत असतानाही मी तिसऱ्याच आठवड्यात चाळ बांधले आणि शहाबादी फरशीवर रोज दोन-दोन तास आपटत राहिले. पंधरा दिवसांत नडगीच्या आतल्या कडेला अशी कळ सुरू झाली की जिना उतरवेना. डॉक्टरांनी जे समजावले ते साधे आहे: स्नायू काही आठवड्यांत बळावतात, हाड आणि कंडरा यांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. दम टिकतो म्हणून आपण नाचत राहतो आणि हाड मागे पडते. महोत्सवात माझ्या जागी दुसरी उभी राहिली. मी प्रेक्षकांत होते.

त्याच तपासणीत माझे हिमोग्लोबिन ९.८ निघाले. गिरकी घेताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती नाचामुळे, असे मी समजत होते! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आपल्या गावात गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत पोरगा जोर-बैठका मारू लागला की घरातून दूध, तूप, थंडाईची सोय होते. पोरीने तितक्याच बैठका मारल्या तर तिच्या ताटात काय वाढते, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

तरीही लवचिकता म्हणजे कमान टाकणे आणि ताकद म्हणजे उड्या, असे मानू नये. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) बैठकीच्या लावणीसाठी प्रसिद्ध होत्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बसून अदा करायची तर पाय मदतीला येत नाहीत. कणा ताठ, श्वास पोटातून, आणि मान, भुवई, मनगट यांनी सारा अर्थ सांगायचा. आरशासमोर दहा मिनिटे करून पाहा. माझे खांदे पाचव्या मिनिटाला कानापर्यंत चढले होते. त्यातून या स्त्रिया स्वतः गातही. आम्हाला ध्वनिफितीची सोय, तरी दुसऱ्या अंतऱ्याला धाप. म्हणून बाई नाचता नाचता पाढे म्हणायला लावतात. आवाज तुटला की थांबायचे, खालच्या लयीत पुन्हा सुरू करायचे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (निधन २००२) यांची एक हकिगत सर्वत्र सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. सांगणारा नेहमी अभिमानाने सांगतो. मीही बाईंना तशीच सांगितली. त्या चाळ पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सुट्टी कोण देणार होतं?” त्या दिवसापासून मी ती हकिगत कोणाला त्या सुरात सांगितलेली नाही.

यंदा पुन्हा नाव दिले आहे. तालमीआधी दहा मिनिटे अंग मोकळे करणे, संपल्यावर पोटऱ्या ताणणे, आणि सराव फरशीवर न करता आमच्या सारवलेल्या अंगणात. आई अजून बोलते, पण परवा माझ्या बैठका मोजत होती. ४० नंतर आकडा चुकली. चाळ खुंटीलाच आहेत. दिवाळीपर्यंत नुसते पाय, असे बाईंनी सांगितले आहे.