मुलांची पाठ आधी डोळ्यांनी पाहा

मागच्या भीमजयंतीला आमच्या विहारात आरोग्य शिबिर झाले. एका कंपनीची माणसे छोटे यंत्र घेऊन आली होती. त्यावर टाच ठेवली की हाडांची घनता कळते, असे सांगण्यात आले. बायांची रांग लागली, आईबरोबर आलेली पोरेही बसवली गेली. सातवीतल्या एका मुलीच्या चिठ्ठीवर आकडा आला उणे २.६. "हाडे ठिसूळ आहेत," असे सांगून आईच्या हातात पावडरचे डबे दिले. धुण्याभांड्याच्या कमाईतून दोन महिने ती पावडर घेतली. मुलीची पाठ दुखायची, ती दुखतच राहिली.

ती चिठ्ठी आम्ही नंतर पाहिली. त्यावर टी-स्कोअर होता. टी-स्कोअर म्हणजे भर तारुण्यातल्या निरोगी माणसाच्या हाडांशी केलेली तुलना. बारा वर्षांच्या मुलीची हाडे अजून भरायची असतात, मग आकडा कमी येणारच. मुलांसाठी झेड-स्कोअर पाहतात, म्हणजे त्याच वयाच्या मुलामुलींशी तुलना. बुद्धाने सांगितले म्हणूनही मानू नका, पारखून घ्या, ही आपल्या धम्माची शिकवण. मग यंत्रातून कागद निघाला म्हणून का मानायचे?

मुलांच्या हाडांची घनता मोजायची खरी तपासणी म्हणजे डेक्सा. मूल टेबलावर शांत पडून राहते, वरून यंत्राचा हात फिरतो. सुई नाही, दुखत नाही, क्ष-किरणही फार थोडे लागतात. कमरेचे मणके आणि डोके सोडून बाकीचे शरीर मोजतात. पण यातही एक मेख आहे. मूल वयाच्या मानाने बुटके असेल तर हाडे ठीक असूनही आकडा कमी दिसतो. आपल्या वस्त्यांत कुपोषणाने उंची खुंटलेली मुले कमी नाहीत. म्हणून रिपोर्ट लावताना उंचीचा विचार केला का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. झेड-स्कोअर उणे २ किंवा त्याहून खाली आला तरी नुसत्या आकड्यावरून मुलाला ऑस्टिओपोरोसिस म्हणत नाहीत. साध्या पडण्याने हात-पाय पुन्हा पुन्हा मोडले का, मोठा मार न लागता मणका दबला का, हे पाहावे लागते.

डेक्सा सगळ्यांना लागत नाही. दमा, किडनी किंवा सांध्यांच्या आजारासाठी महिनोन् महिने पोटातून स्टेरॉईड चालू असलेली, फिटची औषधे वर्षानुवर्षे घेणारी, चालता न येणारी, थॅलेसेमिया असलेली मुले, यांच्याबाबत डॉक्टर ती सांगू शकतात. विदर्भातल्या घरांनी सिकलसेल विशेष लक्षात ठेवावा. तो आपल्या समाजात आढळतो. त्यात मणक्यांचा रक्तपुरवठा अडतो, मणके मधोमध खचतात. सिकलसेलच्या मुलाची पाठ दुखली तर "खेळून दमला असेल" म्हणून सोडू नका. घरात कुणाला असेल तर सगळ्या भावंडांचे रक्त सरकारी दवाखान्यात तपासून घ्या.

आता त्या मुलीकडे येऊ. तिच्या पाठीकडे कुणी पाहिलेच नव्हते. महिला मंडळातल्या एका ताईंनी तिला पाय जुळवून, हात जोडून पुढे वाकायला लावले आणि मागून पाहिले. उजवीकडच्या बरगड्या डावीपेक्षा वर आलेल्या. कणा एका बाजूला वळत होता. हे डेक्सावर ठरत नाही, त्याला उभ्याने काढलेला पाठीचा एक्स-रे लागतो. पाळी सुरू होण्याच्या आसपास मुली झपाट्याने वाढतात, तेव्हा हा बाक वाढू शकतो. म्हणून दहा ते चौदा वयात दर तीन-चार महिन्यांनी आईने असे पाहावे. एक खांदा वर, एका बाजूचे पाठीचे फरे बाहेर, फ्रॉकची खालची कड तिरकी, ही सुद्धा खूण. दप्तराने हा बाक येत नाही, पण पाठ दुखते. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नसावे.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. मूल रात्री पाठदुखीने उठते, बारीक ताप येतो, वजन घटते, खाली पडलेली वस्तू न वाकता ताठ पाठीने उकिडवे बसून उचलते, तर मणक्याचा टीबी असू शकतो. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठे सरकारी रुग्णालय गाठा. टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण मणक्यासाठी ती वर्षभर किंवा जास्तही घ्यावी लागतात. मधेच सोडायची नाहीत.

खाण्याचे थोडक्यात: शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, काट्यासकट खाल्लेली बारीक सुकी मासळी हीही चांगली. पावडरच्या डब्याच्या पैशात हे सगळे येते. अरुंद गल्लीत ऊन पोचत नाही, तेव्हा पोरांना दुपारपूर्वी मैदानात खेळू द्या.

शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते तपासते आणि गरज असेल तर पुढे पाठवते. पाठीची तक्रार त्यांना आपणहून सांगा. आमच्या त्या मुलीला जिल्हा रुग्णालयातून पट्टा मिळाला. शाळेतही, झोपतानाही तो घालावा लागतो, उन्हाळ्यात घामाने अंग खाजते म्हणून ती कुरकुरते. ताई सुती बनियन आत घालायला देतात. पुढचा एक्स-रे सहा महिन्यांनी आहे.