सुरांचे अप्रसिद्ध कारागीर

दर वर्षीं परीक्षेचा निकाल लागला कीं कांहीं पालक आम्हांस भेटावयास येतात. त्यांपैकीं एखाद्याचें तरी गाऱ्हाणें असें असतें कीं, "मास्तर, मुलाचें चित्त पुस्तकांत नाहीं, रात्रंदिवस गाणें आणि वाजविणें. यानें त्याचें पोट भरणार आहे काय?" कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका वडिलांस आम्हीं सल्ला दिला कीं, शाळा संपेपर्यंत पेटी कुलुपांत ठेवावी. त्यांनीं तसें केलें. मुलाचे गुण वाढले नाहींत, आणि बंद झालेली पेटी पुन्हां उघडली नाहीं. त्या सल्ल्याची टोंचणी आम्हांस अद्याप आहे. सबब, ज्यांनीं संगीतावरच संसार चालविले अशा कांहीं माणसांचीं चरित्रें पाहून या प्रश्नाचें उत्तर शोधावें, असें आम्हीं योजिलें आहे.

गायकांचीं चरित्रें पुष्कळांस ठाऊक असतात. आम्ही लिहीत आहों तें त्यांच्या मागें बसणाऱ्यांविषयीं. हिंदी चित्रपटसंगीताच्या भरभराटीच्या काळांत मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट व सॅक्सोफोन वाजविणाऱ्यांमध्यें गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा भरणा मोठा होता. असें कां झालें, हें समजण्यासाठीं प्रथम गोव्याच्या खेड्यांत गेलें पाहिजे.

पोर्तुगीज अंमलांत तेथें गांवोगांवीं चर्चला जोडून शाळा असत. त्यांत मुलांस प्रार्थनेबरोबरच स्वर वाचून गाण्याची विद्या व व्हायोलिन हीं शिकवीत. हेतु एवढाच कीं, रविवारीं व सणाच्या दिवशीं उपासनेस चांगलें गायनवादन व्हावें. पांच रेघांवर मांडलेले स्वर तेथील मुलगा धड्याचें पुस्तक वाचावें तसे वाचूं लागे. पण गांवांत उद्योग नव्हता. तेव्हां पुष्कळ तरुण मुंबईस येत, धोबीतलाव-माझगांवाकडे आपापल्या गांवाच्या 'कुडां'त, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, राहत, आणि जी विद्या हातीं होती तिच्यावर काम शोधीत.

तें काम प्रथम मोठ्या हॉटेलांतील नाचाच्या वाद्यवृंदांत मिळालें. १९३५ सालीं लिऑन ॲबी या आफ्रिकन-अमेरिकन वादकाचा जॅझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलांत आला. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफोर्ड हे आले. जॅझ हें संगीत अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं, गुलामगिरींतून सुटलेल्यांच्या वंशजांमध्यें वाढलें. त्यांत मूळ चाल ठरलेली असते, पण वादकानें ती आयत्या वेळीं आपल्या बुद्धीनें फुलवावयाची असते. या संगीताचा सर्वांत विख्यात वादक लुई आर्मस्ट्राँग हा लहानपणीं रस्त्यांत पिस्तूल उडविल्याबद्दल १९१३ सालीं एका सुधारगृहांत पाठविला गेला होता. तेथील पीटर डेव्हिस या शिक्षकानें त्यास कॉर्नेट वाजविण्याचें शिक्षण दिलें. एका उनाड मुलाच्या हातीं शिक्षकानें वाद्य दिलें, आणि पुढें जगानें तें ऐकलें!

त्याच आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकून हळदोणें गांवीं १९१६ सालीं जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ यांनीं ट्रम्पेटावर असें प्रभुत्व मिळविलें कीं लोक त्यांस हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणूं लागले. रंगमंचावर त्यांचें नांव 'चिक चॉकलेट' होतें. पुढें संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांच्याबरोबर त्यांनीं काम केलें. भगवानदादांच्या १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटांत त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. १९६७ सालीं ते वारले. वादकाला मिळूं शकते तेवढी कीर्ति त्यांस मिळाली. बहुतेकांस तेवढीही मिळत नाहीं.

आतां संयोजक, ज्यास त्या धंद्यांत अरेंजर म्हणतात, त्याचें काम काय तें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. संगीतकार पेटीवर चाल बांधतो. ती एका माणसाच्या गळ्यांत मावते. पण ध्वनिमुद्रणास कित्येक वादक बसलेले असतात. प्रत्येकानें काय वाजवावें व केव्हां स्वस्थ बसावें, आरंभीं काय यावें, दोन कडव्यांच्या मध्यें काय असावें, गायिका दम घेते तेवढ्या क्षणांत कोणतें वाद्य बोलावें, तिच्या सुराखालून दुसरी एखादी चाल वाहती ठेवावी कीं नाहीं, हें सर्व संगीतकाराशीं विचार करून ठरवावें लागतें, आणि मग प्रत्येक वाद्याचा कागद निराळा लिहावा लागतो. आपलें संगीत गुरुमुखांतून शिकावयाचें व स्मरणांत ठेवावयाचें. भिन्न स्वर एकाच वेळीं जुळवून लावण्याची, म्हणजे हार्मनीची, पद्धति त्यांत नाहीं. म्हणून येथें चर्चच्या शाळेंतील ती जुनी विद्या कामास आली. शिवाय त्या काळीं गायक व वादक एकत्र बसून गाणें एका दमांत मुद्रित करीत. एकाचा स्वर चुकला तर सर्वांस पुन्हां आरंभापासून! अशा ठिकाणीं कागद बिनचूक लिहिणें व बिनचूक वाचणें यांची किंमत सांगावयास नको.

या कामांत सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–१९९८) यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. फाळणीपूर्वीं ते लाहोरांत होते. १९४७ नंतर मुंबईस आले, आणि पुढें वीस वर्षांहून अधिक काळ शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचें संयोजन त्यांनीं केलें. त्याच जोडीचे दुसरे साहाय्यक दत्ताराम वाडकर हेही मूळचे गोव्याचेच. ते तालाची बाजू सांभाळीत. एक चर्चच्या विद्येंतला, दुसरा तबला-ढोलकीच्या परंपरेंतला. दोघांचे हात एकाच गाण्यास लागत. चित्रपटाच्या आरंभीं 'साहाय्यक' म्हणून हीं नांवें पडद्यावर क्षणभर दिसत आणि जात. गाणीं मात्र आजही घरोघर ऐकूं येतात.

अँथनी गोन्साल्विस यांचें चरित्र याहूनही बोधप्रद आहे. ते माजोर्डा गांवीं १९२७ सालीं जन्मले; वडील तेथील चर्चमध्यें गायन शिकवीत. १९४३ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, अँथनी मुंबईस आले व नौशाद यांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवूं लागले. काम करतां करतां ते शिकवीतही असत. प्यारेलाल शर्मा व राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. आपले राग पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून कसे वाजवितां येतील, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठीं १९५८ सालीं त्यांनीं स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे हे गायिले. १९६५ सालीं ते अमेरिकेंतील सिरॅक्यूज विद्यापीठांत गेले, व परतल्यावर गोव्यांत शांतपणें राहिले. १९७७ सालीं 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटांत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनीं एका विनोदी गाण्यांत हें नांव गोंविलें. शिष्यानें गुरूचें नांव सर्व देशाच्या तोंडीं घातलें! पण हें एका खऱ्या शिक्षकाचें नांव आहे, हें गाणाऱ्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? २०१२ सालीं गोव्यांतच त्यांचें देहावसान झालें.

चौथें उदाहरण निर्मात्याचें. कुडचडें येथें १९१९ सालीं जन्मलेले फ्रँक फर्नांड हे ट्रम्पेट व व्हायोलिन वाजवीत, आणि अनेक संगीतकारांचे साहाय्यक होते. दुसऱ्यांच्या चित्रपटांस संगीत पुरवितां पुरवितां त्यांच्या मनांत आलें कीं, आपल्या भाषेंतही चित्रपट व्हावा. त्यांनीं १९६३ सालीं 'आमचें नशीब' व १९६६ सालीं 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट काढले. वादकाचें मोल दिवसाच्या कामावर ठरतें. निर्मात्यास मात्र पैसा उभा करावा लागतो, आणि नफा होवो वा तोटा, तो त्याच्या अंगावर पडतो. इतकी जोखीम भाषेच्या प्रेमाखातर पत्करणारा हा गृहस्थ २००७ सालीं निवर्तला.

हीं चरित्रें सांगून आम्ही पालकांस भुलवूं इच्छीत नाहीं. या धंद्यांत काम असेल त्या दिवशीं पैसा; आजारपण व म्हातारपण यांची तरतूद ज्याची त्यानें करावयाची. काळही पालटतो. हॉटेलांतील नाचाचे वाद्यवृंद ओसरले तेव्हां चित्रपटांनीं वादकांस आसरा दिला. पण पुढें १९८० नंतर विजेवर चालणारीं कळवाद्यें व निरनिराळे भाग सुटे मुद्रित करण्याची रीत यांमुळें मोठमोठे वाद्यवृंद लागेनासे झाले. एक माणूस दहांचें काम करूं लागला, आणि नऊ घरीं बसले.

तरीही एक गोष्ट सूर्यप्रकाशासारखी स्पष्ट दिसते. या सर्वांस मुंबईंत उभें केलें तें नुसत्या गोड कानानें नव्हे, तर लहानपणीं मिळालेल्या शिस्तशीर शिक्षणानें. गोड कान पुष्कळांस असतो. ऐकलेलें कागदावर उतरविणें, आणि दुसऱ्यानें उतरविलेलें वाचून त्याच्याशीं जुळवून वाजविणें, हें थोड्यांस येतें. पोट भरतें तें त्या थोड्यांचें. तेव्हां मुलांनो, तुम्हांस संगीताची आवड असेल तर त्याची लिपी शिका. आणि गणित व भाषा यांचा कंटाळा करूं नका. मात्रांचा हिशेब आणि कराराचा कागद हीं दोन्ही संगीताच्याच वाटेवर भेटतात.

नांवाची अपेक्षा मात्र बेताचीच ठेवा. पौलानें करिंथकरांस लिहितांना शरीराचा दृष्टांत दिला आहे. जे अवयव अशक्त दिसतात तेही आवश्यकच असतात, असें तो सांगतो. सेबॅस्टियन डिसोझांच्या कागदांवांचून तीं गाणीं आज आहेत तशीं झालींच नसतीं.

आरंभीं उल्लेखिलेले वडील आज भेटले तर आम्ही आपला सल्ला मागें घेऊं. पेटी उघडावी, असें त्यांस सांगूं. दिवसांतून एक तास नेमून द्यावा, गांवांत जो कोणी जाणता असेल त्याच्याजवळ मुलास बसवावें, आणि आज जें वाजविलें तें उद्यां त्यानें लिहून दाखवावें. पुढें तो वादक होवो वा कारकून होवो, त्या तासाचें मोल बुडणार नाहीं.