गुणोत्तर गॅरेजमधलं

सहावीला गुणोत्तर शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, पप्पा म्हणतात हेड घासलं की कॉम्प्रेशन वाढतं. म्हणजे काय वाढतं?" त्याचे वडील काशिमीऱ्याला बाइक मेकॅनिक. मग फळ्यावर तेच उदाहरण घेतलं.

पिस्टन खाली असताना त्याच्या वरची एकूण जागा भागिले पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा, हे झालं कॉम्प्रेशनचं गुणोत्तर. समजा, पिस्टन सरकतो ती जागा ९६ सीसी आणि वर उरते ती १२ सीसी. १०८ भागिले १२, म्हणजे ९:१. सिलिंडरचा व्यास ५० मिमी असेल, तर मिलिंग मशीनवर हेडचा तळ अर्धा मिमी, म्हणजे वहीच्या पाच-सहा पानांएवढा उतरवला की सुमारे १ सीसी जागा कमी होते. आता १०७ भागिले ११, जवळपास ९.७:१.

छेद लहान झाला की उत्तर मोठं येतं, हे मुलांना लगेच पटलं. मिश्रण जास्त दाबलं जातं, म्हणून तेवढ्याच पेट्रोलमधून थोडा जास्त जोर मिळतो. पण जास्त उतरवलं तर इंजिन नॉक करतं, व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो, आणि उतरवलेला धातू परत चढवता येत नाही. म्हणून आकडेमोड आधी करायची.

पालकांनो, तुमच्या कामातलं असं गणित मुलांना घरी जरूर दाखवा.