जमिनीखालच्या पाण्याचा जमाखर्च

विहिरीचें पाणी नितळ दिसलें म्हणजे तें पिण्यास योग्य, असें आपण सहसा धरून चालतों. ही समजूत ज्यांना फार महागांत पडली अशा कांहीं कुटुंबांची हकीकत, आणि तिच्या अनुषंगानें एका गणिताची ओळख, आम्ही येथें आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस करून देणार आहों.

अमेरिकेंतील उत्तर कॅरोलायना संस्थानांत कँप लेजून नांवाची मरीन सैनिकांची मोठी छावणी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ती उभारण्यांत आली. सैनिकांच्या बायकामुलांकरितां तेथें ज्या वसाहती बांधल्या, त्यांपैकीं एकीचें नांव टरावा टेरेस. या वसाहतीस कूपनलिकांतून उपसलेलें पाणी पुरविलें जाई. हमरस्त्याच्या पलीकडे 1953 सालीं कपडे धुण्याचें एक दुकान निघालें. तेथें उंची कपडे पाण्याऐवजीं टेट्राक्लोरोएथिलीन नांवाच्या रासायनिक द्रवानें स्वच्छ करीत. त्याचा टाकाऊ अंश मैलाटांकीच्या वाटेनें जमिनींत मुरत गेला.

पाण्यांत हें द्रव्य आहे असें 1982 सालच्या तपासणींत आढळलें, आणि अधिकांत अधिक दूषित झालेली कूपनलिका 1985 च्या फेब्रुवारींत बंद करण्यांत आली. त्याच वर्षीं जेरी एन्समिंगर या मरीन सैनिकाची नऊ वर्षांची कन्या जेनी रक्ताच्या कर्करोगानें वारली. छावणीच्या पाण्यासंबंधीं त्या पित्यानें पहिली बातमी ऐकली ती 1997 सालीं, दूरचित्रवाणीवर! त्याच्याप्रमाणें हजारों मातापित्यांस एकच प्रश्न पडला : आमचीं मुलें कोणत्या वर्षीं काय प्यालीं? 1982 पूर्वींच्या पाण्याची तशी तपासणी कोणीं केलेलीच नव्हती. जें पाणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं पिऊन संपलें, त्यांत काय होतें हें आतां कोण सांगणार?

हें काम विषारी द्रव्यें व रोगनोंद यांसंबंधीं काम करणाऱ्या तेथील सरकारी संस्थेनें हातीं घेतलें, आणि त्यासाठीं संगणकाचा आश्रय केला.

आतां या गणिताचें मर्म पाहूं. जमिनीखालचें पाणी नदीसारखें वाहतें अशी पुष्कळांची कल्पना असते. वस्तुतः वाळूच्या कणांमधील फटींतून तें झिरपत जातें. फ्रान्समधील दिजाँ शहराचे अभियंते हेन्री दार्सी यांनीं वाळूनें भरलेल्या नळींतून पाणी सोडून असें दाखविलें कीं, झिरपण्याचें प्रमाण पाण्याच्या पातळीच्या उतारावर आणि वाळूच्या पाझरशक्तीवर अवलंबून असतें. हा नियम 1856 सालीं प्रसिद्ध झाला. एक लहानसें उदाहरण घ्या. समजा, वाळूची पाझरशक्ति दिवसाला 10 मीटर आहे, पातळीचा उतार 200 मीटरांस 1 मीटर आहे, आणि वाळूंत एकपंचमांश पोकळी आहे. 10 ला 200 नीं भागून, आलेल्या उत्तरास पुन्हा एकपंचमांशानें भागलें म्हणजे पाव मीटर येतो. म्हणजे पाणी दिवसाला पाव मीटर, वर्षाला सुमारें 90 मीटर चालेल. पाण्यांत विरघळलेलें द्रव्य त्याहूनही मागें राहतें, कारण तें कणांना चिकटतें व सुटतें. शिवाय तें आजूबाजूस पसरतें, आणि कांहीं अंश हळूहळू विघटित होतो. कूपनलिकेवर पंप चालला कीं तेथील पातळी खचते आणि चोहोंकडून पाणी तिकडे ओढलें जातें. टरावा टेरेसची ती कूपनलिका दुकानाच्या बाजूस होती, हेंच दुर्दैव.

एवढें सगळें एकाच समीकरणांत कागदावर सोडविणें दुर्घट. म्हणून त्या भूभागाचे सारिपटाप्रमाणें चौकोन पाडले, प्रत्येक बाजू 50 फूट, आणि मातीच्या थरांप्रमाणें खोलीचेही भाग केले. प्रत्येक घराचा जमाखर्च मांडावयाचा : शेजारच्या घरांतून किती पाणी आलें, किती गेलें, द्रव्य किती जमा, किती खर्च, शिल्लक किती. वाण्याची वही आणि ही वही यांत तत्त्वतः भेद नाहीं. घरें मात्र हजारों, आणि हिशेब 1951 च्या जानेवारीपासून 1994 च्या डिसेंबरपर्यंत महिन्यामागून महिना, एकूण 528 महिन्यांचा. पुष्कळांस वाटतें कीं संगणक वर्तमानांतून मागें चालत जातो. तसें नव्हे, तो आरंभापासून पुढें चालतो आणि ज्या थोड्या ठिकाणीं मोजलेला आंकडा उपलब्ध आहे तेथें त्याची परीक्षा होते. आंकडे जुळले नाहींत तर पाझरशक्ति वगैरेंचे अंदाज सुधारून पुन्हा आरंभ. (आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत पाणी भेगांतून धांवतें, तेथें वाळूचा हा सरळ हिशेब लावणें बरेंच बिकट असतें.)

2007 सालीं उत्तर प्रसिद्ध झालें. आज अमेरिकेत या द्रव्याची मर्यादा लिटरास 5 मायक्रोग्रॅम आहे. वसाहतीला पुरविलेल्या पाण्यानें ती मर्यादा 1957 च्या नोव्हेंबरांत ओलांडली, आणि 1987 च्या फेब्रुवारीपर्यंत एकूण 346 महिने पाणी त्या मर्यादेच्या वर राहिलें. मार्च 1984 मध्यें तें प्रमाण 183 पर्यंत गेलें. परंतु आमच्या मतें याहून मोलाची गोष्ट निराळी आहे. जे आंकडे निश्चित ठाऊक नव्हते, ते थोडेथोडे बदलून तेंच गणित शेंकडों वेळां करण्यांत आलें. तेव्हां शेंकडा 95 उत्तरें ऑक्टोबर 1957 ते ऑगस्ट 1958 या अवधींत पडलीं. आपलें उत्तर किती इकडेतिकडे होऊं शकतें हें ज्यानें स्वतःच सांगितलें, त्या गणितावर आम्ही अधिक विश्वास ठेवूं. तरीही आक्षेप आलेच. 2009 सालीं तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेनें, अशा गणितांतून निश्चित उत्तर मिळण्याबद्दल शंका दर्शविली. संस्थेनें काम थांबविलें नाहीं. हॅडनॉट पॉइंट या छावणीच्या दुसऱ्या भागाचा हिशेबही तिनें पुढें मांडला, आणि तो 2013 सालीं प्रसिद्ध झाला. त्या भागांत निराळ्या द्रव्यानें ट्रायक्लोरोएथिलीननें 1953 च्या ऑगस्टपासूनच मर्यादा ओलांडली होती असें दिसून आलें.

2012 सालच्या कायद्यानें तेथें किमान तीस दिवस राहिलेल्या कुटुंबांस पंधरा आजारांबाबत वैद्यकीय साहाय्य मिळूं लागलें. त्या कायद्याच्या एका भागास जेनीचें नांव दिलेलें आहे. आरंभीं त्यांत 1957 पासून राहिलेल्यांचाच समावेश होता. हॅडनॉट पॉइंटचा हिशेब बाहेर आल्यावर ती तारीख बदलून 1 ऑगस्ट 1953 करण्यांत आली, आणि 2022 सालीं नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठीं जो कायदा झाला त्यांतही हीच तारीख आहे.