गुरुजी परदेशी कशाला जातात?

दिवाळी सरली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत कारखान्यांची धुराडी पेटतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, सगळीकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. माळावर कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या थंडीत नवराबायको कोयता घेऊन फडात जातात. कोपीत राहतं पोर. आठ-नऊ वर्षांची पोरगी, कडेवर धाकटा भाऊ.

जवळच गावची शाळा असते. तिची घंटा कोपीत ऐकू येते. पण ती पोरगी शाळेत जात नाही. का जात नाही?

कुणी म्हणतं, आईबापांना शिक्षणाची कदर नाही. कुणी म्हणतं, पोरांनाच गोडी नाही. अशी उत्तरं पारावर बसून देता येतात. पण एखादे गुरुजी किंवा बाई उठतात आणि कोप्यांकडे चालत जातात. किती मुलं आहेत ते मोजतात. मुकादमाला विचारतात, आईला विचारतात, पोरीलाही विचारतात. तेव्हा कळतं की पोरगी शाळेत गेली तर धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. तिचा दाखला गावाकडेच राहिला आहे. आणि नव्या शाळेत सगळी हसतील, अशी तिला भीती वाटते. मग गुरुजी एक उपाय करून पाहतात. धाकट्याला शाळेच्या ओसरीवर बसू देतात. महिन्यानं पुन्हा मोजतात. मुलं वाढली का? वाढली नसतील तर दुसरा उपाय.

यालाच शिक्षणातलं संशोधन म्हणतात. संशोधन म्हटलं की आपल्यापुढं काचेच्या नळ्या येतात. पण इथं लागते एक वही, आणि ऐकून घेण्याची तयारी.

आता तुम्ही म्हणाल, "कोप्या इथं, पोरं इथं, मग गुरुजींनी साता समुद्रापलीकडे कशाला जायचं?"

प्रश्न रास्त आहे. नुसत्या रुंद सडका आणि चकचकीत इमारती बघून यायच्या असतील तर जाऊच नये. तिकडून येऊन वर्षभर तिथल्या बाकांची वर्णनं सांगणारे लोकही असतात. त्यांचा प्रवास फुकट गेला म्हणायचा. पण एक गोष्ट खरी आहे. जे रोज डोळ्यांपुढं असतं, ते दिसेनासं होतं. कोपीतलं पोर पाहायची आपल्याला सवय झालेली असते. दुसऱ्या देशात तीच अडचण तिथल्या माणसांनी कशी सोडवली हे पाहिलं, की आपलीही नीट दिसू लागते.

महर्षी धोंडो केशव कर्वे १९२९ साली परदेशी निघाले. तेव्हा त्यांना एकाहत्तरावं वर्ष चालू होतं. इंग्लंड, युरोप, अमेरिका, जपान असं फिरून त्यांनी शिक्षणाच्या परिषदा पाहिल्या आणि आपल्या महिला विद्यापीठासाठी पैसाही गोळा केला. परत आल्यावर, १९३६ साली, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी एक मंडळ काढलं. ज्या गावांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तिथं शाळा काढायच्या, हे त्याचं काम. शिकलेल्या प्रौढांची वाचनाची सवय सुटू नये, हीही त्यांना काळजी होती.

कर्वे गेले ते आपल्या हिमतीवर. पुढं अशा प्रवासाची एक रीतसर योजना निघाली. तिची गोष्ट मजेची आहे. १९४५ साली दुसरं महायुद्ध संपलं. अमेरिकेच्या लष्कराचं पुष्कळ सामान देशोदेशी पडून होतं. ते विकायचं, तर घेणाऱ्या देशांजवळ डॉलर नव्हते. तेव्हा फुलब्राइट नावाच्या एका अमेरिकन खासदारांनी तोड काढली. सामानाचे पैसे त्या त्या देशाच्या नाण्यात घ्या, आणि त्यातून विद्यार्थी नि शिक्षक यांची देवाणघेवाण करा. १९४६ साली तसा कायदा झाला. लढाईचा माल विकला गेला आणि त्यावर माणसं शिकायला निघाली! भारतानं अमेरिकेशी असा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी केला. २००८ साली नवा करार झाला. तेव्हापासून भारतही खर्चाचा वाटा उचलतो, आणि शिष्यवृत्तीच्या नावात नेहरूंचं नाव जोडलं गेलं आहे.

या शिष्यवृत्तीवर १९५३ साली आपल्या महाराष्ट्रातल्या एक बाई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या. त्यांचं नाव चित्रा नाईक. एवढं शिकून आलेल्या बाई मुंबईत मोठ्या खुर्चीवर बसून राहिल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी आणि जे. पी. नाईक यांनी खेड्यांची वाट धरली. १९७९ पासून त्यांच्या संस्थेनं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत एक प्रयोग केला. मुलं दिवसा गुरं राखतात, पाणी भरतात, भावंडं सांभाळतात. मग दिवसाच्या शाळेचा हट्ट का? वर्ग संध्याकाळी भरवला. शिकवायला गावातलाच कुणी शिकलेला माणूस घेतला. मुलं येऊ लागली, आणि त्यांत मुलींचा भरणा मोठा होता. कंदिलाच्या उजेडातली ती शाळा न्यूयॉर्कमध्ये नव्हती. ती इथल्याच मुलांना विचारून निघाली.

अलीकडची गोष्ट तर शेजारचीच आहे. इंदापूरहून भीमा ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातला माढा तालुका लागतो. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचं जागतिक बक्षीस मिळालं. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुढच्या वर्षी फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीही त्यांची निवड झाली. वाडीतल्या शाळेचा मास्तरही आता या वाटेनं जाऊ शकतो. अमेरिकेतले शिक्षकही असेच भारतात येऊन शाळा पाहतात.

आता पुन्हा आपल्या कोपीकडे या. अमेरिका श्रीमंत देश. पण तिथंही कोप्या आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसतं. टेक्सासची कुटुंबं पिकामागून पीक करत पार मिशिगनपर्यंत जातात. कुठं टोमॅटो तोडायचे, कुठं फळं उतरवायची. पोरं बरोबर. शाळा दर दोन महिन्यांनी बदलते, आणि प्रत्येक शाळेत मास्तर पहिल्यापासून विचारतात, "तुला काय येतं?" १९६६ साली तिथल्या सरकारनं अशा मुलांसाठी खास पैसा ठेवला. पुढं प्रत्येक मुलाची नोंद एका ठिकाणी ठेवायची व्यवस्था झाली. कोणत्या इयत्तेत आहे, कोणती लस टोचली, काय शिकून झालं, हे पोर नव्या शाळेत गेलं की तिथल्या शिक्षकांना मिळे. पोर फिरे, आणि त्याची नोंद त्याच्या मागोमाग फिरे.

आपल्याकडेही या दिशेनं पावलं पडली आहेत. पोर गाव सोडून निघालं तर त्याला शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं. आजीजवळ मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट कायद्यात आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावंच लागतं. जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मूल मागं पडलं असेल तरी त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवून राहिलेलं शिकवायचं, असं कायदा सांगतो.

हे टोळीतल्या माणसांना कोण सांगणार? पहाटे फडात गेलेला बाप अंधार पडल्यावर परत येतो. शाळेचे गुरुजी पाच वाजता घरी जातात. दोघांची गाठ पडत नाही. पण तुम्ही आता वाचू लागला आहात, आणि तुमच्या रानात टोळी उतरली आहे. रात्री कोपीपुढं चूल पेटते, तेव्हा मुकादम निवांत भेटतो. त्याला एवढंच विचारा, "दादा, टोळीत शाळेच्या वयाची पोरं किती? त्यांची हमी कार्डं आणली का?" जी आकडी निघेल ती कागदावर मांडा आणि सकाळी गुरुजींच्या हातात द्या.