+८७० ला फोन लावताय? आधी दर बघा

घरचं कुणी जहाजावर, मोहिमेवर किंवा वाळवंटातल्या साइटवर गेलंय आणि जाताना +८७० ने सुरू होणारा नंबर देऊन गेलंय? तो लगेच लावू नका. ८७० हा कुठल्या देशाचा कोड नाही, इनमारसॅट या उपग्रह सेवेचा आहे. +८८१६ आणि +८८१७ इरिडियमचे, +८८२१६ थुरायाचा. आयएसडी पॅकमध्ये हे नंबर सहसा धरलेले नसतात. मिनिटाचा दर तुमच्या मोबाइल कंपनीला विचारा, तोही पॅक सोडून.

सोपा हिशेब असा: फोन तिकडून येऊ द्या. इनमारसॅटच्या बीजीएएन टर्मिनलवरून (लॅपटॉपएवढी चपटी पेटी, उपग्रहाकडे तोंड करून ठेवायची) साध्या फोनवर बोलायला मिनिटाला साधारण एक डॉलर पडतो. तुम्ही इकडून लावलात तर त्याच्या कित्येक पट, आणि ते तुमच्या बिलात. म्हणजे आपली मिस्ड कॉलची सवय इथे उलटी अंगाशी येते. अनोळखी +८८१ किंवा +८८२ वरून मिस्ड कॉल आला तर उलट फोन करूच नका. या कोडआड फसवणूकही चालते.

इरिडियमला एक आडवाट आहे. अमेरिकेतल्या एका नंबरवर फोन लावायचा, मग उपग्रह फोनचा नंबर दाबायचा. तुम्हाला फक्त अमेरिकेचा दर लागतो, उपग्रहाचे पैसे फोनवाल्याच्या खात्यातून जातात. त्याला आधी सांगून ठेवा.

टर्मिनल तुमच्याच हातात असेल तर: ००, देशाचा कोड, नंबर, शेवटी #. मुंबईच्या लँडलाइनसाठी ०० ९१ २२ आणि पुढचे आठ आकडे. २२ आधीचं शून्य गाळा. काही टर्मिनलवर नंबराआधी १* दाबलं की साधा आवाज, २* दाबलं की ३.१ किलोहर्ट्झचा महागडा कॉल. तो मुख्यतः फॅक्ससाठी. चुकून २* दाबलं की गप्पा महागात पडतात. एका उपग्रह सेवेवरून दुसरीवर लावलेला कॉल सगळ्यात महाग. व्हॉइसमेल ऐकायलाही पैसे, कॉल फॉरवर्ड केलात तर पुढच्या टप्प्याचेही तुमचेच.

खरा खड्डा मात्र डेटाचा. साधा डेटा मेगाबाइटवर मोजतात, स्ट्रीमिंग मिनिटावर. टर्मिनलच्या वायफायला मोबाइल जोडलात की फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट, व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ आपोआप सुरू होतात. जोडण्याआधी सगळं बंद करा. नुसता मजकूर पाठवलात तर खर्च किरकोळ.

भाड्याने घेताना चार गोष्टी लेखी घ्या: अनामत किती, एका कॉलला कमीत कमी किती सेकंदांचे पैसे, प्रीपेड युनिटची मुदत कधी संपते, उरलेले युनिट परत मिळतात का.

आणि हे यंत्र परदेशातून सामानात घालून भारतात आणू नका. उपग्रह फोनला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. थुराया आणि इरिडियमला बंदी आहे. इनमारसॅटची सेवा इथे बीएसएनएलमार्फत, कागदपत्रं करून मिळते. परवानगी नसेल तर जप्ती, अटकही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला गार्मिनच्या इनरीचपायी पोलिसांना सामोरं जावं लागलं, आणि ते तर बोलायचं यंत्रही नव्हे, उपग्रहावरून संदेश पाठवायचं. मोहिमेसाठी काठमांडूत भाड्याने घेतलेलं यंत्र तिथेच परत करून या, पावतीसकट.