निशिगंधाच्या वाफ्यांतील गोगलगायी

मृगाच्या सरी पडू लागल्या म्हणजे निशिगंधाच्या वाफ्यांत सकाळी पानांवर चकाकणारे चिकट पट्टे दिसतात. या गोगलगायींच्या वाटा होत. कळ्या कुरतडलेल्या दांड्यास बाजारात भाव येत नाही. म्हणून पट्टे दिसताच उपायास लागावे.

विशेष नाश करते ती आफ्रिकी शंखी गोगलगाय. ही १८४७ साली कलकत्त्यास आणली गेली व पुढे देशाच्या अनेक भागांत पसरली. उन्हाळ्यात ती शंखाचे तोंड बंद करून जमिनीत पडून राहते. प्रत्येक गोगलगाय नर व मादी दोन्ही असल्याने प्रत्येक जण अंडी घालू शकते, तीही एका वेळी शंभराहून अधिक. ज्वारीच्या दाण्याएवढी ही पिवळसर अंडी भुसभुशीत मातीत पुंजक्याने सापडतात. खुरपणीच्या वेळी ती वेचून चिरडावीत.

सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजविलेले गोणपाट वाफ्यांच्या कडेस पसरावे. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने उचलून साबणाच्या दाट पाण्यात बुडवाव्यात. उघडा हात लावू नये. त्या बांधापलीकडे फेकणे म्हणजे शेजाऱ्याच्या मळ्यात बी पेरणेच होय. वाफ्यात मीठ मात्र टाकू नये, त्याने जमीन बिघडते. भोवती कोरड्या चुन्याचा चार बोटे रुंद पट्टा ओढावा व पावसाने भिजल्यास उघडीप मिळताच नवा ओढावा.

मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरणे भाग पडल्यास त्या कौलाच्या तुकड्याखाली ठेवाव्यात, कारण कुत्री व कोंबड्या त्या खातात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लगतच्या सर्व मळ्यांत गोणपाट एकाच संध्याकाळी टाकण्याची व्यवस्था करावी.